किल्ली मागणारा चोर

(रौप्यमहोत्सवानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बहुतेक ठेवलं आहे.)



सचिवांनी मला विषय दिला, 'आपली ऑनलाइन खाती सुरक्षित कशी ठेवावीत'. म्हणाले, "काका, तुम्ही बँकेत होतात, तुम्हीच बोला." बँकेत होतो हे खरं. पस्तीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला काढली. डोंबिवली लोकलमध्ये उभं राहून जायचं आणि दिवसभर लोकांना सांगायचं, पिन कुणाला देऊ नका, चेकबुक नीट ठेवा. पण आज मी बोलायला उभा आहे तो त्या पस्तीस वर्षांमुळे नाही. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी जे झालं त्यामुळे उभा आहे. निम्म्या लोकांना ते माहीत आहे, उरलेल्या निम्म्यांनी जिन्यात ऐकलं आहे. तेव्हा एकदा माझ्याच तोंडून ऐका.

शनिवार होता. सकाळी साडेदहाच्या सुमाराला व्हॉट्सॲपवर आमच्या विहीणबाईंचा निरोप आला. त्या ठाण्याला नौपाड्यात असतात. "चुकून तुमच्या नंबरवर एक सहा आकडी कोड गेला आहे, जरा पाठवता का?" आता विहीणबाईंना नाही कोण म्हणणार? मुलीच्या सासूबाई! एसएमएस उघडला, कोड होता, पाठवला. त्या एसएमएसमध्ये 'हा कोड कुणालाही देऊ नका' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. वाचलंही मी. पण ते इतरांसाठी असतं ना!

एक गोष्ट मला तेव्हाच खटकली होती, ती सांगतो. आमच्या विहीणबाई शिक्षिका होत्या. त्या देवनागरीत लिहितात, ऱ्हस्व-दीर्घासकट, आणि 'भाऊसाहेब, नमस्कार' असं म्हटल्याशिवाय एक ओळ लिहीत नाहीत. हा निरोप इंग्रजी अक्षरांतला होता, नमस्कार नाही, काही नाही. मला वाटलं घाईत असतील. त्या घाईत नव्हत्याच. त्यांचं व्हॉट्सॲप आदल्या रात्री याच पद्धतीने गेलं होतं. त्यांच्या नावामागे बसलेला माणूस आमचे नंबर एकेक करून चाळत होता.

पाच मिनिटांत माझं व्हॉट्सॲप बंद. मला वाटलं मोबाइल बिघडला. उठलो, मानपाडा रोडवरच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. तिथे गर्दी, नंबर लागेपर्यंत तास-दीड तास गेला. दुकानातला पोरगा दहा सेकंदांत म्हणाला, "काका, तुमचं अकाउंट दुसऱ्याने घेतलंय." तेव्हा साडेबारा वाजले होते.

इकडे माझ्या नावाने, माझ्या फोटोसकट, आपल्या सोसायटीत निरोप फिरत होते. 'मंडपवाल्याला आगाऊ द्यायचे आहेत, माझं यूपीआय चालत नाहीये, तुम्ही या नंबरवर पाठवा, संध्याकाळी देतो.' मी सहा वर्षं खजिनदार होतो. गणपतीला आठ दिवस राहिलेले. कोण शंका घेणार? सी विंगमधल्या आपल्या एका तरुण मित्राने पावणेबाराला आठ हजार पाठवले. तो आयटीत आहे हे मुद्दाम सांगतो, कारण हे फक्त म्हाताऱ्यांचं होतं असं सगळ्यांना वाटतं.

आता खरी गोष्ट. साडेबाराला मला कळलं होतं, आणि मी घरी येऊन गप्प बसलो. बायकोलाही बोललो नाही. बँकेतला माणूस, लोकांना शहाणपण शिकवणारा, असा फसला हे कसं सांगायचं? म्हटलं आपणच आधी दुरुस्त करू, मग कुणाला कळायचंही नाही. पुन्हा पुन्हा कोड मागवत बसलो. जास्त वेळा मागवला की व्हॉट्सॲप थांबायला लावतं, तसं लावलं. सव्वादोनला आपल्या गुरुजींनी त्या नंबरवर चाळीस हजार पाठवले. ते सव्वादोन मला विसरता येत नाहीत. साडेबारा ते सव्वादोन या वेळात मी एक जिना उतरून वॉचमनला जरी सांगितलं असतं, तरी ते चाळीस हजार वाचले असते.

पाऊण तासाने तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी दारावरची बेल वाजवली. "पंधरा हजार पाठवले हो आत्ताच, पोचले का?" माझा चेहरा बघून त्यांनी ओळखलं. मुलीला फोन केला, ती म्हणाली, "बाबा, आधी १९३० लावा, मग रडा." लावला. तक्रार देताना व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक, रक्कम, वेळ आणि पैसे ज्या नंबरवर गेले तो नंबर विचारतात. हे हाताशी असेल तर वेळ वाचतो. तक्रार नोंदली की ज्या बँकेत पैसे गेले त्या बँकेपर्यंत निरोप जातो आणि पैसे अजून तिथेच असतील तर ती रक्कम अडकवून ठेवतात. काकूंचे पंधरा हजार असे अडकले आणि काही महिन्यांनी कोर्टाच्या आदेशाने परत मिळाले. गुरुजींचे चाळीस तोवर एटीएममधून निघून गेले होते. आठ हजारही गेले. त्या तरुण मित्राने माझ्याकडून एक पैसा घेतला नाही, उलट गणपतीत मला मोदक आणून दिले. गुरुजींकडे मी चाळीस हजारांचा चेक घेऊन गेलो, तर म्हणाले, "कोड तुम्ही दिलात, पैसे मी पाठवले. चूक निम्मी निम्मी. वीस द्या." आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस. आज पहिल्या रांगेत बसलेत, आणि हे सगळं सांगायची परवानगी त्यांनीच दिली आहे.

आता जरा मोठ्या गोष्टीकडे वळतो, कारण 'हॅकर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काळा टोप घालून कळफलक बडवणारा कुणीतरी येतो. तसेही असतात. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. बनावट कार्डं घेऊन २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. तो खरा दरोडा, बँकेच्या यंत्रणेतच शिरून केलेला. ते पैसे बँकेचे गेले, ठेवीदारांच्या वैयक्तिक खात्यांना धक्का नव्हता. त्यापासून तुम्ही-आम्ही काही वाचवू शकत नाही आणि आपल्याला रात्री जागायचीही गरज नाही. ते बँकेचं काम.

आपल्या वाट्याला येतो तो दुसरा प्रकार. त्याचा नमुना आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडला कॉल सेंटरवर धाडी घातल्या. सातशेहून जास्त पोरापोरींना ताब्यात घेऊन चौकशी केली. ही मुलं रात्रभर अमेरिकेत फोन लावायची आणि 'आम्ही इन्कमटॅक्सवाले बोलतोय, कर थकलाय, आत्ता भरला नाही तर पोलीस येतील' म्हणून तिथल्या लोकांना घाबरवायची. पैसे कसे घ्यायचे? गिफ्ट कार्डं विकत घ्यायला लावून त्यांचे नंबर फोनवर वाचून घ्यायचे. अमेरिकेच्या न्याय विभागानेही त्याच महिन्यात अशा टोळ्यांवर मोठा खटला दाखल केला. यात कुणी कुठलं कॉम्प्युटर फोडलं नव्हतं. मुलांच्या हातात लिहून दिलेले संवाद होते. नाटकासारखे. गडकरी रंगायतनला आपण जशा पाठ केलेल्या वाक्यांवर टाळ्या देतो, तसे तिकडच्या लोकांनी पाठ केलेल्या वाक्यांवर डॉलर दिले.

आज तीच नाटकं मराठीत, हिंदीत आपल्याकडे चालतात. कल्याणला खडकपाड्यात माझा मेहुणा असतो. त्याला मेसेज आला, 'मागचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला तुमची वीज कापली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा.' खाली साधा दहा आकडी मोबाइल नंबर. महावितरण असे निरोप कुणाच्या खासगी नंबरवरून पाठवत नाही आणि त्यांनी तसं जाहीरही केलेलं आहे. फोन केलात तर तो 'अधिकारी' एक ॲप टाकायला सांगतो, ज्यातून तुमचा स्क्रीन त्याला दिसतो, आणि मग 'फक्त दहा रुपये भरून बघा' म्हणतो. दहा भरताना तुम्ही जे जे दाबता ते तो बघतो. मेहुणा वाचला तो हुशारीने नाही. तो अजून रांगेत उभा राहून खिडकीवर बिल भरतो आणि पावत्या फाईलला लावतो. फाईल काढली, पावती बघितली, फोन ठेवून दिला. (हसू नका, या वयात आपल्या सवयीच आपल्याला वाचवतात.)

तसंच लग्नाच्या पत्रिकेचं. पत्रिका म्हणून फाईल येते, नाव 'विवाह निमंत्रण', शेवटी 'डॉट एपीके'. पत्रिका फोटो असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे ॲप. ते टाकलं की तुमचे एसएमएस दुसरीकडे वाचले जातात. आरटीओच्या चलनाचंही तेच. कुरिअरवाल्याचं जरा निराळं आहे. 'तुमचं पार्सल अडकलंय, हा नंबर लावा' म्हणतो, आणि नंबराच्या सुरुवातीला *४०१* किंवा *२१* असं काहीतरी असतं. तो लावलात की तुमच्या नंबरवर येणारे फोन त्याच्याकडे वळतात, मग फोनवरून सांगितले जाणारे कोडही त्यालाच ऐकू येतात. हा प्रकार इतका वाढला की दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा पद्धतीने फोन वळवायची सोय कंपन्यांना बंद करायला लावली. तरी मनात शंका आली तर ##००२# लावा, वळवलेलं सगळं रद्द होतं. पैसे लागत नाहीत.

मी नंतर स्वतःलाच विचारत बसलो की आपली सगळी खाती शेवटी कशावर टांगलेली आहेत. दोनच खुंट्या सापडल्या. एक तुमचा मोबाइल नंबर, दुसरा तुमचा ईमेल. बँक, आधार, व्हॉट्सॲप, सगळीकडे 'पासवर्ड विसरलात?' दाबलं की कोड कुठे येतो? या दोन्हींपैकी एका ठिकाणी. म्हणून ही दोन नीट सांभाळली की बाकी बरंचसं आपोआप सांभाळलं जातं. पंचवीस ठिकाणी पंचवीस काळज्या करायला आपल्याकडे वेळ नाही.

मोबाइल नंबर म्हणजे ते इवलंसं सिमकार्ड. आपण रोज लोकलने जाणारी माणसं. कळवा-मुंब्र्याच्या दरम्यान दारात उभं राहून बोलणाऱ्याच्या हातावर फटका मारून मोबाइल पाडणारे आपल्याला नवीन नाहीत. पूर्वी हळहळ मोबाइलच्या किमतीची असायची. आता चोर सिम काढून दुसऱ्या मोबाइलमध्ये घालतो आणि तुमचे सगळे कोड त्याला मिळू लागतात. तुमच्या मोबाइलला कितीही भारी कुलूप असो, सिमला कुलूप नाही. ते लावता येतं. सेटिंगमध्ये 'सिम पिन' किंवा 'सिम लॉक' नावाचं असतं. मग सिम दुसऱ्या मोबाइलमध्ये घातलं तर आधी पिन मागतं. कंपनीने आधीच दिलेला पिन कस्टमर केअरला विचारून घ्या, अंदाजाने मारू नका. तीनदा चुकला की सिम अडकतं आणि मग पीयूके नावाचा आणखी एक नंबर लागतो. आणि समजा मोबाइल गेलाच, तर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढण्याआधी शेजाऱ्याच्या मोबाइलवरून पहिला फोन सिम बंद करायला, दुसरा बँकेला. मग तक्रार. तक्रारीची प्रत घेऊन संचार साथीच्या संकेतस्थळावरून तो मोबाइलच देशभर बंद पाडता येतो. ती सोय आधी २०१९ मध्ये मुंबईत सुरू झाली, २०२३ पासून सगळीकडे आहे. तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही तिथेच दिसतं. आमच्या एका नातेवाइकाच्या नावावर पाच निघाली, त्याला तीनच माहीत होती.

जुन्या नंबरांचंही एक सांगतो. आईचा किंवा वडिलांचा नंबर बंद होतो, आपण रिचार्ज करत नाही. बंद झालेला नंबर ९० दिवस कुणाला देत नाहीत, त्यानंतर तो दुसऱ्या माणसाला मिळू शकतो. आणि बँकेत, ईमेलला, गॅसच्या नोंदणीला तोच लागलेला असतो. माझ्या आईला जाऊन चार वर्षं झाली, मी तिचा नंबर माझ्या ईमेलवरून गेल्या वर्षी काढला. तोही हे सगळं झाल्यावर.

ईमेलचा पासवर्ड मात्र वेगळा हवा. दुसरीकडे कुठेही न वापरलेला. कारण कुठल्या तरी कंपनीची यादी चोरीला जातेच, आणि चोर तोच पासवर्ड बाकी ठिकाणी लावून बघतो. लिंक्डइनची २०१२ साली चोरलेली यादी २०१६ मध्ये विकायला आली, ११ कोटींहून जास्त खाती. त्यानंतर थोड्याच दिवसांत फेसबुकच्या मार्क झुकेरबर्गची ट्विटर आणि पिंटरेस्टवरची खाती कुणीतरी उघडली. त्याचा पासवर्ड 'दादादा' होता असं तेव्हा छापून आलं. जगाला फेसबुक देणारा माणूस आणि पासवर्ड 'दादादा'! आपल्याकडे निदान 'साईबाबा१२३' तरी असतो.

आणि पासवर्ड लक्षात राहत नसेल तर सरळ वहीत लिहा. तरुण मंडळी मला यावर रागावतात. पण मी म्हणतो, झारखंडात किंवा परदेशात बसलेला चोर तुमच्या गोदरेजच्या कपाटापर्यंत येत नाही. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा कपाटातली वही शंभरपट बरी. फक्त ती वही मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवू नका, आणि बँकेचा पिन तिच्यात नको.

व्हॉट्सॲपला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा. सहा आकडी पिन तुम्ही ठरवायचा. माझा तो असता तर मी कोड देऊनही चोराला आत येता आलं नसतं. माझ्याकडे नव्हता, म्हणून चोराने स्वतःचा लावून ठेवला. मग मला सात दिवस थांबावं लागलं. त्यातही एक गोष्ट मला उशिरा कळली: पिन माहीत नसला तरी आपल्या सिमवर आलेला कोड आपण टाकला की चोर तिथल्या तिथे बाहेर पडतो, सात दिवस फक्त आपण आत जाऊ शकत नाही. म्हणजे निदान त्याचं तोंड बंद होतं. शांत डोक्याने एकदा कोड टाकला असता तर... असो.

बँकेच्या नियमाचं थोडं बोलतो, कारण ते माझं क्षेत्र. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, सहकारी बँकांसाठी तसंच त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलं. तुमची चूक नाही, बँकेचीही नाही, तिसऱ्याच कुणीतरी पैसे काढले, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काही भार नाही. तुम्हीच पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. हे शेवटचं वाक्य फार लोकांना माहीत नसतं. आपलीच चूक होती म्हणून लोक तक्रारच करत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी उरलेलेही जातात. काउंटरवर अशी माणसं मी पाहिलेली आहेत. मान खाली घालून येणारी. त्यांना मी काय बोललो होतो ते आता आठवलं की बरं वाटत नाही.

जाता जाता आपल्या सोसायटीबद्दल दोन तक्रारी, अध्यक्षांनी रागावू नये. आपल्या बँकेच्या चेकवर दोन सह्या लागतात, पण सोसायटीच्या ईमेलचा पासवर्ड चार कमिट्या झाल्या तरी तोच आहे. ऑफिसातल्या कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला आहे. मी खजिनदार असतानाही तो तिथेच होता, तेव्हा दोष माझाही. नवीन कमिटी आली की तो बदलावा असा ठराव करा. दुसरं, या स्मरणिकेत दर वेळी शेवटी सभासदांची यादी छापतात. फ्लॅट नंबर, मोबाइल, जन्मतारीख, फोटो. मी संपादक मंडळाला विनंती केली आणि त्यांनी ऐकली, या वेळी जन्मतारखा आणि मोबाइल नंबर छापलेले नाहीत. वाढदिवसाच्या शुभेच्छा कमी येतील. मोदक घेऊन घरी या, मी तारीख सांगेन.

आपल्या ग्रुपवर आता आपण एक ठरवलं आहे. कुणीही पैसे मागितले तर आधी फोन करायचा किंवा बेल वाजवायची. शब्दावर विश्वास नाही म्हणून कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही. विहीणबाई आणि मीसुद्धा आता एकमेकांना फोन करून खात्री करतो. परवा त्यांचा निरोप आला, 'दिवाळीच्या चकल्यांची भाजणी पाठवू का?' मी फोन लावला. त्या म्हणाल्या, "भाऊसाहेब, मीच आहे, भाजणी मागायला चोर कशाला येईल?"

येत्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी आणि सी विंगमधला तो तरुण मित्र सोसायटीच्या ऑफिसात बसणार आहोत. सिम पिन, व्हॉट्सॲपचा पिन, ईमेलला लागलेले जुने नंबर, एवढंच करून देऊ. पासवर्ड आम्हाला सांगायचा नाही, तुम्हीच टाकायचा, आम्ही तोंड फिरवून बसू. मोबाइल चार्ज करून आणा आणि वाचायचा चष्मा विसरू नका. गुरुजींनी पहिला नंबर लावला आहे.